ट्रेलरला पेट्रोल लागत नाही

मी आयुष्यात बऱ्याच गाड्या चालवल्या, पण मला चोर ठरवणारी गाडी एकच. पुण्याच्या लष्करी लिलावातून आणलेली पिकप. पुढं केबिन, मागं उघडा हौदा, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि पेट्रोलचा काटा कायम 'भरलेली' दाखवणारा. शिपायांचा धीर सुटू नये म्हणून लढाईत कुणीतरी तो मुद्दामच तसा अडकवून ठेवला असावा. गोष्ट साठ-एकसष्टच्या सुमाराची. मी तेव्हा पंचविशीचा होतो. आम्ही शिरूरचे मुसलमान. अब्बा टांगा चालवायचे, मी मोटार चालवायचो, म्हणून घरात मला शहाणा समजत. हा समज टिकवायला मला फारसे कष्ट पडत नसत.

गाडीचे मालक आप्पा. घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं त्यांचा मळा होता. वांगी, गवार, शेवंती आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं. आप्पा पन्नाशीचे, अंगानं काटकुळे, डोक्यावर मात्र भलंमोठं पागोटं. तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. मोटार घेण्याआधी त्यांनी तीस वर्षं बैलगाडी हाकली होती, आणि गाडी भरावी तर आप्पांनीच, असं आजूबाजूची पाच गावं मानत. कुणाची कडब्याची गाडी रचायची असली, कुणाच्या लेकीचं लग्नाचं सामान न्यायचं असलं, की आप्पांना बोलावणं यायचं. माल भरून झाला की ते वाकून जुवाखाली खांदा लावत, जू जरासं उचलत, डोळे मिटत आणि म्हणत, "दोन पोती म्होरं घ्या." दोन पोती पुढं गेली की बैल गाणं म्हणत चालतात, असं त्यांचं म्हणणं. बैलांना मी कधी विचारलं नाही.

मोटारीतलं मात्र आप्पांना काही कळत नव्हतं, आणि हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. हॉर्न वाजवला की पेट्रोल जळतं, असं त्यांचं ठाम मत. समोर म्हैस आली तर मी खिडकीतून ओरडायचं. दिवे लावले की पेट्रोल जळतं, म्हणून दिवस मावळायच्या आत घरी यायचं. पहिल्या गिअरात इंजिन मोठ्यानं ओरडतं, म्हणजे जास्त पितं, म्हणून गाडी दुसऱ्या गिअरातच उठवायची. आणि उतार आला की इंजिन बंद. हा शेवटचा नियम त्या काळी सगळेच ड्रायव्हर पाळत, त्यामुळं त्याबद्दल मी आप्पांना काही बोलू शकत नाही. पण उतारावर ब्रेकच्या भरवशावर बसलेला मी आणि शेजारी "वाचलं बघ, वाचलं बघ" म्हणून प्रत्येक फर्लांगाला खूष होणारे आप्पा, हे चित्र आठवलं की अजून माझ्या तळपायाला घाम येतो.

आठवड्यातून तीनदा आम्ही दौंडला जायचो. तिथं रेल्वेची मोठी वस्ती, बाजार बारमाही, माल हातोहात खपायचा. जायला अडीच गॅलन आणि यायला अडीच, असा आमचा ठरलेला खप होता. काटा कामाचा नसल्यानं आप्पा वेळूची एक काठी टाकीत बुडवून बघत. काठीवर त्यांनी चाकूनं खुणा केल्या होत्या. गाडी चढावर उभी असली तर काठी एक सांगे आणि उतारावर उभी असली तर दुसरंच. त्यावरून आमची रोज थोडी वादावादी होई, पण ती प्रेमाची.

मग ट्रेलर आला.

तोही लिलावातलाच. दोन चाकं, वर चौकोनी पत्र्याची पेटी, पुढं लोखंडी दांडी आणि दांडीच्या टोकाला हूक. त्यातून म्हणे तोफेचे गोळे वाहत. आप्पांनी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, चाकावर लाथ मारली आणि एक विचार मांडला. त्या विचारानं पुढं माझी झोप उडवली.

"ह्याला सोताची चाकं हायेत," ते म्हणाले.

"हायेत की आप्पा."

"म्हंजी ह्यो सोताच्या पायानं चालनार. आपल्या गाडीवर ह्याचं वजन न्हाई."

"पण वढायचं तर गाडीलाच हाय न्हवं?"

"वढायला काय लागतंय? गोल चाक हाय. एकदा चालाय लागलं की चाललं. इंजिन ह्याला न्हाई, मंग पेट्रोल ह्याला कशाला लागंल?"

मी म्हणालो, बैलगाडीच्या मागं दुसरी भरलेली गाडी बांधली तर बैल दमणार नाहीत का? आप्पांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "बैलाला कळतंय मागं काय हाय ते. जीव हाय त्याला. इंजिनाला मागलं दिसतंय व्हय?"

मी ट्रेलरचा हूक गाडीला अडकवला.

त्या दिवसापासून सगळा जड माल ट्रेलरमध्ये जाऊ लागला. गाडीचा हौदा रिकामा, कारण गाडीला त्रास नको. हौद्यात फार तर शेवंतीच्या पाट्या. आणि आप्पांचा विचार गावभर पसरला. "ट्रेलरमध्ये टाका, त्याला पेट्रोल लागत न्हाई," म्हणून जो तो आपलं सामान आणून टाकू लागला. वाटेत कुणी हात केला की थांबायचं, ही आमच्याकडची रीतच. रिकाम्या गाडीनं माणसाला रस्त्यावर सोडून जाणं हे आप्पांच्या लेखी पाप होतं. त्यात आता ट्रेलर म्हणजे फुकटाची जागा. एकदा लेकीच्या घरी पाठवायचा पाटा-वरवंटा आला, एकदा दाराची चौकट आली, एकदा दोन शेळ्या आणि त्यांच्या सोबतीला त्यांचं पूर्ण कुटुंब आलं. आणि एवढ्या नावाजलेल्या हाताचे आप्पा ट्रेलर मात्र कसाही भरत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ह्याला बैल न्हाई, मंग कुनासाठी जुळवायचं?"

अर्थात पेट्रोल वाढलं. पाचाऐवजी सात गॅलन लागू लागले, कधी आठ. आप्पांनी काठी बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली. पहिल्या आठवड्यात ते काठीवर रागावले. दुसऱ्या आठवड्यात पंपवाल्यावर. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडं बघून काठी पुसली, आणि मला कळलं की आता आपली पाळी.

तोंडानं ते काही म्हणाले नाहीत. पण टाकीच्या झाकणाला कुलूप आलं. किल्ली आप्पांच्या करगोट्याला. राखीव पेट्रोलचा डबा पूर्वी माझ्या पायाशी असे, तो आता आप्पांच्या मांडीवर बसून प्रवास करू लागला. गावात कुणी तरी कुणाला तरी म्हणालं, की ड्रायव्हर लोक तेल विकतात. ड्रायव्हर लोक खरंच विकत, हे मीही जाणून होतो. पण मी कधी एक थेंब विकला नव्हता. मला इतका राग आला की दोन दिवस मी आप्पांशी बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण बोलायचे नेहमी तेच.

आणि नेमकं त्याच वेळी दौंडात माझं लग्न ठरलेलं. सासरे रेल्वेत, इंजिनात कोळसा टाकायच्या कामावर. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "ड्रायव्हर हो ना? तेल-बिल बेचते नहीं ना? मेरी बेटी चोर के घर नहीं जाएगी." मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं होतं. आता गावातली कुजबूज दौंडात पोचायला एक बाजाराचा दिवस पुरे होता. आमच्याच ट्रेलरमधून ती फुकट गेली असती. माझं नाव गेलं तर लग्न जाणार, हे उघड होतं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पेट्रोलचं कोडं मी सासऱ्यांपुढं दुसऱ्या कुणाचं म्हणून मांडलं. ते हसले. डबे वाढले की कोळसा वाढतो, एवढंच म्हणाले. मी धावत येऊन आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "तो कोळसा सरकारी हाय. सरकारी कोळशाला कोन इचारतंय?"

शेवटी एके सकाळी मळ्यावर, चार माणसांसमोर आप्पा बोलून गेले. "हे बघ, मला भांडान नको. तुला-मला दोघांना बी चालतोय त्या पिराची आन घे. म्हन, मी पेट्रोल घेतलं न्हाई. मंग इषय संपला."

गावाबाहेरच्या त्या पिराला दर गुरुवारी आप्पा स्वतः ऊद लावायचे. शपथ साधी होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि माझं तोंड उघडेना.

कारण मी एकदा पेट्रोल घेतलं होतं. एक बाटली. मुलगी बघायला दौंडला जायचं होतं आणि माझा बरा सदरा एकच. त्याच्यावर छातीवरच गिअरच्या तेलाचा डाग. साबणानं जाईना, रिठ्यानं जाईना. पेट्रोलनं जातो हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. मी टाकीत नळी घातली, बाटली भरली आणि अर्धी रात्र सदरा चोळला. डाग गेला, वास राहिला. मुलीच्या घरी सगळ्या बायका नाकाला पदर लावून बसल्या होत्या. मला वाटलं, त्या लाजताहेत. माझी बायको पुढं कित्येक वर्षं, राग आला की, "पहले दिन ही बू आई थी" असं म्हणायची.

एका बाटलीनं रोजचे दोन-तीन गॅलन कमी होत नाहीत. पण शपथ म्हणजे शपथ. पिराला बाटली आणि गॅलन यांतला फरक समजावून सांगायची माझी हिंमत नव्हती.

"आन घेनार न्हाई," मी म्हणालो. "मोजून बघा. टाकी सील करा. पंच बसवा. मंग कळंल."

बोलून गेलो आणि मागाहून घाबरलो. पण आप्पांना ही गोष्ट फार पसंत पडली. पंच म्हटलं की गावात कुणाला पसंत पडत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच पंच हजर झाले. शाळेचे मास्तर, कारण कागद लिहायला कुणीतरी हवं. बाकीचे चार, कारण त्यांना दौंडात काम होतं. शिंप्यानं दुरुस्तीला न्यायचं शिवणयंत्र आणलं होतं. दुसऱ्यानं शेंगांचं पोतं. टाकी पूर्ण रिकामी करून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तीन गॅलन पेट्रोल ओतलं. अडीच जायला, वर अर्धा गॅलन माझ्यावर मेहेरबानी. मग सील. मास्तरांनी लाख काढली, काडेपेटी काढली, टाकीच्या तोंडाजवळ वाकले आणि काडी ओढणार एवढ्यात मी झडप घालून त्यांचा हात धरला.

"बघा! बघा!" शिंपी ओरडला. "सील करू देत न्हाई!"

पेट्रोल पेटलं तर पंच कुठं कुठं सापडतील, हे मी त्यांना समजावलं. त्यावर थोडा वेळ सगळे गाडीपासून लांब उभे राहिले. शेवटी झाकणाला कुलूप घालून, त्यावर सुतळी गुंडाळून, गाठीवर पाचही जणांच्या सह्यांचा कागद बाभळीच्या डिंकानं चिकटवला. मास्तरांनी वर फुंकर मारली आणि आम्ही निघालो.

ट्रेलरमध्ये कलिंगडं होती. आप्पांनी मोठी मोठी मागं टाकली होती, कारण दौंडात ती आधी उतरवायची. त्यावर पाच पंच चढले. टेकायला मागची फळी बरी, म्हणून सगळे मागंच बसले. शिवणयंत्र त्यांच्या मधोमध. माझ्याविरुद्धचा पुरावा गोळा करायला निघालेली ही माणसं मीच ओढत होतो. मी आप्पांना म्हणालो, निदान पंचांना हौद्यात तरी बसवा. आप्पा म्हणाले, "गाडीत बसवलं तर वजन व्हईल. तपासनी चोख व्हायला पायजेल."

वाटेत आणखी तिघांनी हात केला. त्यांनाही घेतलं. का, तर तपासणी नेहमीच्या रीतीनंच व्हायला हवी, असं मास्तरांनी ठरवलं. कागदावर त्यांनी तशी नोंदही केली.

गाडी कण्हत चालली होती. दर चढाला पहिला गिअर लागे, आणि मी तो घातला की आप्पा मांडीवरच्या डब्याला घट्ट धरत. आणखी एक गोष्ट मला बरेच दिवस जाणवत होती. गाडीचं ढुंगण हलकं लागे. चढावर मागची चाकं जमिनीला धरूनच नसत, जागच्या जागी भिरभिरत. इंजिन ओरडे आणि गाडी इंचभर सरके. मला वाटे टायर झिजले.

उन्हाळ्यात आमची वाट भीमेच्या पात्रातून जायची. मधे पाण्याची एक धार, बाकी सगळी वाळू, दोन्ही बाजूंना कलिंगडाच्या वाड्या. पलीकडच्या काठाला चढ. चढून गेलं की दौंड नजरेच्या टप्प्यात. वाळूत चाकं भिरभिरू लागली. कसंबसं पात्र पार केलं, चढाला नाक लावलं, आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं.

मी सीट उचलली. कागद जागच्या जागी, पाच सह्या शाबूत, सुतळीची गाठ तशीच. मास्तरांनी प्रत्येकाला आपापली सही ओळखायला लावली. शिंप्याला आपली सही ओळखायला थोडा वेळ लागला. मग आप्पांनी कुलूप काढलं, काठी घातली. काठी वर आली ती कोरडी ठणठणीत.

माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! मी सरळ उभा राहिलो. आप्पा मात्र गुडघ्यांवर बसून गाडीखालची माती हुंगत होते. कुठं गळलंय का, बघत होते. कुठंच गळलं नव्हतं.

"मंग गेलं कुठं?" ते म्हणाले. आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

डब्यातलं पेट्रोल ओतलं तरी ट्रेलरसकट गाडी वाळूतून निघणार नव्हती, ती कडक जमिनीवर घ्यायला हवी होती. त्यासाठी आधी ट्रेलर सोडायचा ठरला. चाकांना दगड लावले. वाटेतले तिघं खालीच राहिले, पंच मात्र पुन्हा ट्रेलरवर चढून बसले होते. त्यांना मी खाली उतरा म्हटलं, पण मास्तर म्हणाले, पंचनामा पुरा होईपर्यंत पंचांनी जागा सोडायची नसते. बरं, म्हटलं. आप्पा दांडीजवळ उभे राहिले आणि मी हूक काढला.

दांडी सटकन वर उडाली. आप्पांचं पागोटं घेऊन ती आभाळाकडं तोंड करून उभी राहिली. ट्रेलर मागच्या फळीवर बसला, फळी उघडली, आणि कलिंगडं, शिवणयंत्र, शेंगा आणि पंच असा सगळा ऐवज एकमेकांच्या अंगावरून वाळूत ओघळला. एक कलिंगड नदीच्या धारेपर्यंत गेलं. मास्तर वाळूत बसूनच कागद झटकत होते.

शेजारच्या वाडीत एक म्हातारी वेलींना पाणी घालत होती. तिनं घागर खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि सगळा प्रकार डोळे भरून बघितला.

"आवं, मागं केवढा बोजा घातलाय!" ती म्हणाली. "गाडी उलाळ झालीया समदी. कुन्या अडान्यानं भरून दिली ओ ही तुमाला?"

उलाळ म्हणजे मागच्या बाजूनं जड भरलेली गाडी. असली गाडी बैलांच्या मानेवरचं जू वर उचलते आणि त्यांच्या गळ्याला फास बसतो. आमच्या गाडीचं ढुंगणही ट्रेलरची दांडी तशीच उचलत होती. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही हे कळतं. आणि आप्पांना, पाच गावांनी नावाजलेल्या आप्पांना, हे एका परक्या वाडीतल्या म्हातारीकडून ऐकावं लागलं होतं, तेही बोडक्या डोक्यानं. पंचांनी एकदम आपापल्या अंगावरची वाळू झाडायला घेतली. कुणी आप्पांकडं बघायला तयार नव्हतं. मी पंधरा दिवस त्यांच्यावर जळत होतो, पण त्या क्षणी मला त्यांची दया आली.

आप्पा पुढं झाले. पागोट्याशिवाय त्यांचं डोकं फारच लहान दिसत होतं. त्यांनी दांडी खाली ओढली, वाकले आणि तिच्याखाली खांदा लावला. डोळे मिटले.

"भरा," ते म्हणाले. "मोठी समदी म्होरं. चाकाच्या म्होरं. आनखी एक. आनखी. बास. आता निम्मी काढून गाडीच्या हौद्यात. तिथं बी मागल्या चाकाच्या वर."

मी आप्पांना गाडी भरताना तेव्हा प्रथमच नीट बघितलं. एक कलिंगड इकडून तिकडं, एक पोतं टाचेनं जरासं पुढं, यंत्र आडवं. पाव तासात ट्रेलर दांडीवर अलगद बसला, असा की एका हातानं दांडी उचलावी आणि ती हाताला नमस्कार केल्यासारखी खाली यावी. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते दांडीच्या पुढं जाऊन उभे राहिले, दोन्ही हातांनी ती धरली आणि एकटेच ओढू लागले. ट्रेलर हलेना. पाचही पंच मागून रेटायला लागले तेव्हा चार पावलं सरकला. आप्पांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"अरं," ते धापा टाकत म्हणाले, "हे वढायला लागतंय की रं!"

"व्हय आप्पा."

"चाकं असून बी?"

"चाकं असून बी."

आप्पा दांडीवरच बसले. मग डबा उचलून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी हूक अडकवला आणि पेट्रोल ओतलं. पंचांना आणि त्या तिघांना आप्पांनी चढभर पायी पिटाळलं, आणि ती गाडी, जी महिनाभर रडत होती, एका दमात चढ चढून गेली. मागची चाकं जमिनीला धरून होती. दौंडात पोचल्यावर काठी घातली तर डब्यातलं निम्मंसुद्धा जळलं नव्हतं.

माल उतरला आणि स्टेशनाजवळच्या हॉटेलात आम्ही चहाला बसलो. मास्तरांनी कागद पुरा केला आणि खाकरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. हॉटेलात रेल्वेची माणसं बसली होती. त्यांतली दोन माझ्या सासऱ्यांच्या चाळीतली, मी ओळखत होतो. मास्तरांचं अक्षर जेवढं बरं त्याहून भाषा भारदस्त. टाकी सीलबंद होती, सील अभंग होतं, पेट्रोल वजन ओढण्यात खर्ची पडलं. "सबब," मास्तरांनी आवाज चढवला, "सदर ड्रायव्हरने मालकाच्या पेट्रोलचा आजतागायत एक थेंबही घेतलेला नाही, असे आम्ही पंच एकमताने जाहीर करतो."

आप्पा उठून उभे राहिले. सगळ्यांदेखत त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "चुकलं माजं," ते म्हणाले. वयानं बापासारखा माणूस, सबंध गाव ज्याला आप्पा म्हणतं, तो. पंधरा दिवस मी मनात एक उत्तर घोळवत होतो. चांगलं लांबलचक, झोंबणारं. त्यातला एक शब्द मला आठवेना. चाळीतली ती दोन माणसं माना वळवून बघत होती. गप्प राहिलो असतो तर माझं नाव सोन्यासारखं झालं असतं.

"मास्तर," मी म्हणालो, "तो थेंब खोडा."

"का?"

"एक बाटली घेतली होती मी. एकदाच. इकडं मुलगी बघायला यायचं होतं, सदऱ्याला डाग होता म्हणून. बाटली लिहा."

मास्तरांचा टाक हवेत राहिला. शिंप्यानं बशी खाली ठेवली. मला वाटलं, गेलं, लग्न गेलं, नोकरी गेली. आप्पांचे हात अजून जोडलेलेच होते. ते त्यांनी सोडले आणि खाली बसले.

"खोडू नका वो मास्तर," ते म्हणाले. "ती बाटली मला ठावं हाय."

"कशी?" मी म्हणालो.

"त्या दिशी माज्या शेजारी बसूनच आलास न्हवं तू हितपत्तर? एवढा भपकारा येत हुता. मला का नाक न्हाई?" त्यांनी चहा बशीत ओतला. "बाकीचं जे बोललो ते माजं पाप हाय. बाटली नेली म्हंजी गॅलन बी ह्योच नेत असंल, असं आलं मनात. पर त्या दिशी न्हवतं आलं."

"मंग त्याच दिशी बोलला का न्हाई, आप्पा?"

"काय बोलनार? बोललो असतो तर लाजंनं तू सदरा काढून ठेवला असतास." आप्पांनी बशी तोंडाला लावली. "आन् दुसरा सदरा तुज्याकडं न्हवता."